तुमच्या पुरवणीतला माळा आणि माझा माळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत माळ्यावर फळ्या टाकून सामानासाठी जागा कशी करायची यावर जो लेख आला तो आमच्या घरी मोठ्याने वाचून झाला, आणि वाचून झाल्यावर बायकोने माझ्याकडे असं काही पाहिलं की म्हटलं आता संपादकांना पत्र लिहिलंच पाहिजे. कारण लेखात जे जे करा म्हटलंय ते ते सगळं मी काही वर्षांपूर्वी करून बसलोय, अगदी फोटोत दाखवलंय तसंच, हाफ पँट घालून. लेख वाईट नाही, लिहिणाऱ्याचा हेतूही चांगला आहे, पण दोन दिवसांत माळा तयार आणि घर पण गार (किंवा उबदार, जिथे जे हवं ते) असं जे चित्र उभं केलंय ना, त्यात दोन कामं एकमेकांच्या पायात येतात हे कुठेच लिहिलेलं नाही. फळ्या टाकणं हे एक काम, इन्सुलेशन म्हणजे उष्णता अडवणारा थर घालणं हे दुसरं काम, आणि पहिलं नीट न करता केलं की दुसऱ्याची वाट लागते.

आधी माझी गोष्ट सांगतो. उतरत्या छपराचं घर, खाली सीलिंग, वर मोकळा माळा. सीलिंगचे वासे साधारण 4 इंच उंचीचे. त्यांच्यामध्ये आणि वर मिळून ग्लासवूल म्हणजे काचेच्या धाग्यांची लोकर अंथरली होती, चांगली साडेदहा इंच म्हणजे 270 मिलिमीटर जाडीची, थंड प्रदेशातल्या ब्रिटनसारख्या देशात एवढीच सांगतात म्हणून ऐकलं होतं आणि मला वाटलं जास्त आहे ते चांगलंच. मग सामानासाठी जागा हवी झाली. मेव्हणा आला मदतीला. 18 एमएमचा प्लाय आणला आणि थेट वाशांवर ठेवायला गेलो तर तो बसेचना, खाली लोकर फुगलेली. मेव्हणा म्हणाला भाऊजी दाबा जोरात, मावतंय. दाबलं, मावलं, वरून स्क्रू मारले, दोघंही खूश. साडेदहा इंचाची लोकर 4 इंचात गेली.

आता यात काय चुकलं ते नीट सांगतो कारण लेखात हेच सुटलंय. ग्लासवूल किंवा रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची लोकर) स्वतः काही जादू करत नाही, तिच्या धाग्यांच्या मध्ये जी हवा अडकून पडते ती हवा काम करते. हलत नसलेली हवा उष्णता फार कमी वाहून नेते, आकडा सांगायचा तर साधारण 0.025 वॉट प्रति मीटर प्रति अंश, ग्लासवूल 0.032 ते 0.044 च्या मध्ये, लाकूड 0.13 च्या आसपास म्हणजे लोकरीच्या तिप्पट-चौपट, आणि काँक्रीट 1 च्याही वर. आणि थर उष्णतेला किती विरोध करतो हे काढायचं तर जाडीला या आकड्याने भागायचं, एवढंच गणित आहे, शाळेतलं. 270 मिलिमीटर भागिले 0.044 केलं की 6 च्या वर उत्तर येतं. तीच लोकर 100 मिलिमीटरमध्ये कोंबली तर धागे दाट झाल्याने तिचा आकडा थोडा सुधारतो हे खरं, पण जाडी जेवढी जाते त्याची भरपाई त्याने होत नाही, उत्तर निम्म्याच्या खाली येतं. म्हणजे मी पैसे दिले साडेदहा इंचाचे आणि वापरली अर्ध्याहून कमी. शिवाय आधी वाशांच्या वरून लोकरीचा एक थर आडवा जात होता तो गेला, वासे उघडे पडले, आणि प्रत्येक वासा म्हणजे उष्णतेला जायला एक छोटा पूल. खालून हात लावला तर कळत नाही पण त्या वर्षी घरात फरक जाणवला, बायकोला आधी जाणवला आणि तिने तो वारंवार सांगितला.

करायचं कसं? फळ्या वर उचलायच्या. वाशांवर आडव्या पट्ट्या मारून किंवा प्लास्टिकचे-लोखंडाचे पाय मिळतात ते लावून त्यावर फळी बसवायची, म्हणजे खाली लोकर पूर्ण फुगलेली राहील, आणि लोकर आणि फळी यांच्यात दीड-दोन इंच हवा मोकळी राहील. वाढतं काम आहे, मान्य. माळ्यावरची उंचीही कमी होते, तेही मान्य, सरपटत जावं लागतं. पण नाहीतर दोनपैकी एकच करा, एक तर सामान ठेवा नाहीतर इन्सुलेशन घाला, दोन्ही मिळाल्याचं समाधान करून घेऊ नका.

ती मोकळी हवा का, याचं उत्तर मला 3 वर्षांनी मिळालं. काही कारणाने एक फळी उचलली तर खालच्या बाजूला काळी बुरशी, हाताने पुसली तर ओली. वरून गळत नव्हतं, एक थेंब नाही, मिस्त्रीने छपर तपासलं. पाणी खालून आलेलं. घरात आपण आंघोळ करतो, स्वयंपाक करतो, ओले कपडे आत वाळत घालतो, नुसता श्वास घेतो, ती सगळी वाफ वर जाते, सीलिंगच्या फटीतून, दिव्यांच्या भोकातून. 20 अंशाची एक घनमीटर हवा साधारण 17 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते, 10 अंशाला तीच हवा साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. जास्तीचं पाणी कुठे जाणार, गार फळीला भेटलं की थेंब होऊन बसतं, गार ग्लासच्या बाहेर बसतं तसंच. आणि मी काय शहाणपणा केला होता सांगू? धूळ बसू नये म्हणून लोकरीवर वरून प्लास्टिकचा कागद पसरला होता. म्हणजे वाफेने बाहेर पडायचं म्हटलं तरी दार बंद. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. वाफ अडवणारा कागद लावायचाच असेल तर घराच्या उबेच्या बाजूला लावतात, म्हणजे थंड प्रदेशात लोकरीच्या खाली, सीलिंगला चिकटून, वर कधीच नाही. जिथे बाहेरच उकाडा आणि दमट हवा आणि आत एसी चालतो तिथे हा हिशोब उलटा होतो, म्हणून एकाने केलं ते दुसऱ्याने डोळे मिटून करू नये.

आणि वळचण. वळचणीला, म्हणजे छपराची कड भिंतीवरून बाहेर जाते तिथे, हवा आत येण्याची फट असते, ती बऱ्याच जणांना उंदरांची वाट वाटते आणि लोक लोकर कोंबून ती बुजवतात, मीही बुजवली. तिथूनच माळ्याचा श्वास चालतो. 50 मिलिमीटर फट तरी मोकळी राहिली पाहिजे, उंदरांची भीती असेल तर बारीक जाळी मारा. फळ्याही तिथपर्यंत न्यायच्या नाहीत, मध्यभागी जिथे उभं राहता येतं किंवा नीट बसता येतं तेवढीच जागा करा, कोपऱ्यात ढकललेलं सामान नाहीतरी परत कोणी काढत नाही. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन जर माळ्यात तोंड उघडून सोडला असेल (आमच्याकडे होता, कोणी लावला देव जाणे) तर आधी त्याचा पाईप छपराबाहेर काढा, त्याशिवाय वरचं सगळं फुकट.

वजनाबद्दल तर लेखात एक वाक्य आहे, 'जड वस्तू टाळा'. जड म्हणजे किती? सीलिंगचे वासे बहुतेक ठिकाणी सीलिंग धरून ठेवण्यापुरते असतात, माणसं नाचतील म्हणून नसतात. राहत्या खोलीची जमीन डिझाइन करताना चौरस मीटरला 150 ते 200 किलो धरतात. कारखान्यात बनून येणाऱ्या ट्रसच्या (तिरक्या-उभ्या पट्ट्यांचं जाळं असलेल्या सांगाड्याच्या) छपरांमध्ये माळ्यावरच्या किरकोळ सामानासाठी ब्रिटनमध्ये धरतात ते जेमतेम 25 किलो. पंचवीस! आता पुस्तकांचा एक खोका घ्या, 40 बाय 30 सेंटिमीटरचा आणि 30 उंच, भरला की 20-25 किलो सहज होतो. चौरस मीटरमध्ये असे आठ खोके बसतात, म्हणजे एकच थर लावला तरी पावणेदोनशे किलो, आणि आपण एक थर लावून थांबतो का. प्लायचंही वजन असतं, 8 बाय 4 ची 18 एमएम शीट 30 किलोच्या वर जाते, म्हणजे चौरस मीटरला 10 किलो तर नुसती फळीच.

आणि लाकूड एकदम मोडत नाही हो, तिथेच फसायला होतं. ते महिनोन्महिने हळूहळू वाकत जातं. वाशाचा आधारापासून आधारापर्यंतचा गाळा दुप्पट असेल तर दर मीटरला तेवढंच वजन पसरलेलं असताना झोक 16 पट येतो, दुप्पट नाही. उलट वाशाची उंची 4 च्या जागी 6 इंच असेल तर तो सव्वातीन-साडेतीन पट ताठ होतो. आमच्याकडे खालच्या खोलीच्या सीलिंगला जी बारीक चीर दिसली ती आम्ही दोन वेळा लांबी भरून रंगवली, तिसऱ्यांदा आली तेव्हा पेंटर म्हणाला साहेब वर काय ठेवलंय. वर माझे जुने अंक होते, वीस वर्षांचे, मध्यभागी रचून. निदान खाली जिथे भिंत आहे तिथे वर ठेवले असते तर इतकं झालं नसतं. तेव्हा वासा किती उंच, किती जाड, किती अंतरावर, खाली भिंत कुठे, हे मोजून जाणकार माणसाला दाखवा आणि मगच फळीला हात घाला. तसला ट्रस असेल तर त्यातली एकही पट्टी जागा अडते म्हणून कापायची नाही. एक जण कापतो आणि म्हणतो काही झालं नाही, अहो काही झालं नाही कारण अजून वारा सुटलेला नाही.

स्क्रूच मारा, खिळे नकोत, हे तेवढं लेखात बरोबर होतं. हातोडीचे दणके खाली गिलाव्याला जातात आणि पापुद्रे पडतात. शिवाय स्क्रू काढून फळी उचलता येते, आणि ती कधी ना कधी उचलावी लागतेच. पूर्ण 8 बाय 4 ची शीट माळ्यावर जायच्या झाकणातून वर जात नाही हे आम्हाला शीट जिन्यात अडकल्यावर कळलं, दोन फुटी पट्ट्या खालीच कापून घ्या, आणि जोड वाशावरच येऊ द्या, अधांतरी नको. भिंतीलगत थोडी फट सोडा, दमट दिवसांत लाकूड फुगतं.

आता वायर. हा मुद्दा मी संपादकसाहेब तुम्हाला हात जोडून सांगतो, हा छापाच. लोकरीखाली दबलेली वायर स्वतःची उष्णता बाहेर टाकू शकत नाही. सगळ्या बाजूंनी लोकरीत गाडलेल्या वायरची करंट वाहण्याची क्षमता निम्मी धरायची असा नियमच इलेक्ट्रिशियन लोक वापरतात. गिझरची, एसीची वायर असली तर विचार करा. शक्य असेल तिथे वायर लोकरीच्या वर घ्या. सीलिंगमधल्या दिव्यांवर लोकर टाकू नका, त्यांना वर झाकण मिळतं ते लावा किंवा भोवती जागा सोडा. आणि थर्माकोल वापरणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवायचं, साधी पीव्हीसी वायर थर्माकोलला चिकटून राहिली तर वायरच्या आवरणातला नरमपणा थर्माकोल हळूहळू ओढून घेतो आणि आवरण कडक होऊन तडकतं. वर थर्माकोल पेटतो तो वेगळाच. रॉकवूल मात्र पेटत नाही, दगडापासूनच बनते, 1000 अंशाच्या वर जाईपर्यंत वितळत नाही. कुठून कुठे वायर जाते ते फळी टाकण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मी ठेवला नव्हता. स्क्रू वायरच्या दोन बोटं बाजूने गेला हे नशीब.

चमकत्या फॉइलबद्दलही लेखात जरा घोळ आहे. फळीच्या खाली फॉइल चिकटवा म्हणजे ऊन अडेल असं लिहिलंय, पण ते फॉइल खालच्या लोकरीलाही टेकतं की नाही यावर सगळं अवलंबून आहे. फॉइल तापलेल्या छपरातून येणारी किरणं 95 टक्क्यांच्या आसपास परत फेकतं हे खरं, पण त्याच्या चमकत्या बाजूला हवेची मोकळी जागा असेल तरच. दोन्हीकडून चेपलं की ते फक्त अॅल्युमिनियम उरतं, आणि अॅल्युमिनियम उष्णता वाहून नेण्यात पहिल्या नंबरातल्या धातूंपैकी एक. जिथे उन्हाने छपर तापतं तिथे फॉइल छपराच्या खाली, वाशांना, चमकती बाजू खाली तोंड करून लावा, त्यावर धूळही बसत नाही. चमकती बाजू वर करून जमिनीवर अंथरलं तर धूळ बसून वर्षा-दोन वर्षांत चमक जाते.

माळ्याचं झाकण हा विषय मला स्वतःला फार आवडतो कारण कोणी त्याकडे बघतच नाही. सगळीकडे साडेदहा इंच लोकर आणि झाकण म्हणजे नुसता 18 एमएम प्लाय, कडेने उजेड दिसतो. 0.8 चौरस मीटरचं असं उघडं झाकण चौदा-पंधरा चौरस मीटर इन्सुलेशन केलेल्या सीलिंगएवढी उष्णता सोडतं. म्हणजे एक अख्खी खोली. झाकणाच्या वर जाड फोमचा तुकडा चिकटवा, कडेने दाराला लावतात ती रबरी पट्टी लावा, आतून ओढून बसेल अशी कडी लावा. अर्ध्या दिवसाचं काम, आणि माझ्या मते सगळ्या माळ्यात सर्वात जास्त फायद्याचं.

अजून एक प्रश्न आधी सुटला पाहिजे तो म्हणजे लोकर खाली अंथरायची की वर छपराच्या उताराला लावायची. खाली अंथरली की घर सांभाळलं जातं पण माळा घराबाहेर पडतो, म्हणजे थंडीत आणखी गार आणि उन्हात आणखी तापलेला, पत्र्याखालचा बंद माळा 60 अंशापर्यंत सुद्धा जातो. तिथे काय ठेवणार? जुने फोटो, कॅसेटी, लॅपटॉप, रंगाचे डबे, बॅटऱ्या, इन्व्हर्टर यातलं काहीही नाही. गॅसचं सिलिंडर तर स्वप्नातही नाही. सुटकेसा, बंद डब्यातली पांघरुणं, खुर्च्या, भांडी, एवढं चालतं. पुठ्ठ्याचे खोके दमट हवेने मऊ पडतात आणि वाळवीला आमंत्रण, झाकणाचे प्लास्टिकचे डबे बरे. आणि जर वर खरोखर नाजूक सामान ठेवायचं असेल तर इन्सुलेशन उताराला करावं लागतं, छपर आणि लोकर यांच्यात पुन्हा तीच 50 मिलिमीटर हवा सोडून. ते काम महाग, कटकटीचं, आणि आपल्याआपण करायचं नाही. आम्ही खाली अंथरलेली आणि वर अल्बम ठेवलेले, लग्नाचे. पानं एकमेकांना चिकटली. यावर जास्त लिहीत नाही.

फोटोतल्या माणसाबद्दल. उघडे हात, उघडे पाय, ग्लासवूल छातीशी धरलेली आणि हसतोय. दुसऱ्या दिवशी तो हसत नसणार. पूर्ण बाह्या, हातमोजे, गॉगल आणि चांगला मास्क लागतो, काम झाल्यावर आधी गार पाण्याने अंग धुवायचं, कपडे वेगळे धुवायचे. ग्लासवूलने कॅन्सर होतो अशी भीती काही जण घालतात, तर आयएआरसी म्हणजे कॅन्सरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2001 साली घरात वापरतात ती ग्लासवूल गट 3 मध्ये घातली, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही. अॅस्बेस्टॉस मात्र गट 1 मध्ये आहे, तिथे शंका नाही. म्हणून जुन्या घराच्या माळ्यावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांना ड्रिल लावू नका, घासू नका, ब्रश मारू नका. अमेरिकेत तर माळ्यात ओतलेलं व्हर्मिक्युलाइट नावाचं दाणेदार चमकदार खनिज बऱ्याच जुन्या घरांत सापडतं, ते मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून यायचं, ती खाण 1990 साली बंद झाली, आणि त्यात अॅस्बेस्टॉस मिसळलेलं असायचं, म्हणून तिथे ते ढवळू नका असंच सांगतात. वर काय पडलंय हे माहीत नसेल तर हात लावण्याआधी तपासून घ्या.

पाय कुठे ठेवायचा हे लिहायचं राहिलं. फक्त वाशावर. मधल्या सीलिंगवर पाय दिला तर ते माणसाला धरत नाही, मेव्हण्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत आमच्या बेडरूममध्ये आला होता आणि खाली ही झोपलेली होती. दोन-तीन वाशांवर एक रुंद फळी टाकायची, तिच्यावर बसून काम करायचं, आणि घरात दुसरं माणूस असल्याशिवाय वर जायचं नाही.

आम्ही मागच्या वर्षी सगळं उपसलं. फळ्या काढल्या, बुरशी लागलेल्या दोन टाकून दिल्या, दाबलेली लोकर काही जागची फुगली, काही नाही फुगली, ती बदलली. पाय लावून फळ्या उचलल्या, मध्यभागी फक्त 6 चौरस मीटर जागा केली, माझे अंक रद्दीत गेले (याचं दुःख वेगळं). चीर परत आलेली नाही. वळचणीतून आता वारा येतो तो हाताला लागतो.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकारात, दबलेली लोकर, वळचणीची फट आणि गाडलेल्या वायर याबद्दल चार ओळी छापा, कारण लेख वाचून शेजारच्यांनी शनिवारी प्लाय आणलाय आणि माझ्याकडे ड्रिल मागायला आलेत. मी ड्रिल अजून दिलेलं नाही.

आपला,
एक नियमित वाचक